दार केवढे ठेवायचे, ते आधी ठरवा

नाशिकमधल्या सातपूरच्या ज्या कारखान्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे मेंटेनन्स आणि स्टोअर या दोन खात्यांत गेली, तिथल्या एका मोठ्या पॉवर प्रेसचा मुख्य गिअर एकदा दात तुटून निकामी झाला. नवा गिअर परदेशातून बोटीने आला, न्हावाशेव्याला ट्रेलरवर चढला, कसारा घाटाच्या पायथ्याशी परवानगीसाठी दोन दिवस ताटकळला आणि एका पहाटे शेडपुढे येऊन उभा राहिला. फोरमनने शटरच्या चौकटीला टेप लावला, तो पुन्हा एकदा लावून पाहिला आणि काही न बोलता आमच्याकडे वळला. गिअर दारापेक्षा चार बोटे मोठा होता. प्रेस बसवली तेव्हा शेडला ती भिंतच नव्हती. यंत्र आधी आले, भिंती मागाहून उठल्या, आणि त्या उठत असताना या यंत्राचा सर्वांत मोठा भाग उद्या बदलावा लागला तर तो कुठून आत न्यायचा, हे कोणीही विचारले नव्हते. दोन दिवसांचे काम सहा दिवसांवर गेले, कारण त्यांतले चार भिंत फोडण्यात आणि वरचा गर्डर टेकूवर घेण्यात गेले.

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण पृथ्वीपासून काहीशे किलोमीटर उंचीवर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाला मंजुरी दिली. हा पहिला भाग २०२८ पर्यंत कक्षेत पाठवायचा आणि २०३५ पर्यंत पाच भागांचे, सुमारे ५२ टनांचे स्थानक उभे करायचे, असे जाहीर झाले आहे. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये ‘स्पेडेक्स’ मोहिमेतले प्रत्येकी २२० किलोचे दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेले, आणि त्याच वर्षी शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात राहून परतले. उत्साह वाटावा असेच हे सगळे आहे आणि मलाही तो वाटतो. परंतु आपल्याकडच्या चर्चेत खोल्या किती, वजन किती, माणसे किती आणि पहिले कोण जाणार, एवढेच ऐकू येते. या स्थानकाचा एखादा तीन-साडेतीनशे किलोचा भाग दहाव्या वर्षी बंद पडला, तर त्याच्या जागी नवा कशातून न्यायचा, कोणत्या दाराने आत घ्यायचा किंवा बाहेर कुठे टांगून ठेवायचा, हा प्रश्न सार्वजनिकरीत्या विचारला जाताना दिसत नाही. माझे म्हणणे असे की हा प्रश्न शेवटचा नसून पहिला आहे. मोठ्या सुट्या भागांची वाहतूक हा स्थानकाच्या आराखड्याचाच भाग धरला पाहिजे, त्यासाठी वेगळी आणि उघड तरतूद हवी, आणि हे सर्व पहिल्या भागाचे धातूकाम पक्के होण्याआधी व्हायला हवे.

यात तर्कापेक्षा इतिहासाचाच आधार मोठा आहे. ३१ जुलै २०१० रोजी आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या बाह्य शीतकरण यंत्रणेतला अमोनियाचा एक पंप बंद पडला. स्थानकातल्या विद्युत उपकरणांची उष्णता बाहेर टाकण्यासाठी अमोनियाचे दोन स्वतंत्र फेरे आहेत. त्यांतला एक थांबला म्हणजे निम्मे शीतकरण गेले आणि अनेक उपकरणे बंद करून ठेवावी लागली. हा पंप म्हणजे आपल्या बोअरवेलवर असतो तसला नव्हे. पंप, झडपा, नियंत्रणाची विद्युत पेटी असा सगळा मिळून तो सुमारे साडेतीनशे किलोचा, दीड मीटरहून लांब आणि सव्वा मीटरच्या आसपास रुंद असा एकच सलग संच आहे. डग व्हीलॉक आणि ट्रेसी काल्डवेल डायसन या दोघा अंतराळवीरांना तो बदलण्यासाठी तीन वेळा बाहेर पडावे लागले आणि एकूण बावीस तासांहून अधिक वेळ अवकाशपोशाखात काढावा लागला, कारण पहिल्याच फेरीत अमोनियाच्या नळीची एक जोडणी सुटता सुटेना. मेंटेनन्समध्ये आयुष्य काढलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. नवा भाग बसवणे सोपे असते. जुना सुटत नाही, तिथे दिवस जातो.

मला त्या घटनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी वाटते. नवा पंप त्या दिवशी पृथ्वीवर नव्हता. तो स्थानकाच्या बाहेरच्या एका फळीवर आधीच बांधून ठेवलेला होता. तो तिथे नसता तर दुसऱ्या फेऱ्यातला पंप हीच एकमेव आशा उरली असती आणि पुढचे यान निघेपर्यंत सगळे श्वास रोखून बसले असते. २०१० मध्ये नव्याने बसवलेल्या त्याच पंपाची झडप डिसेंबर २०१३ मध्ये बिघडली, तेव्हाही सुटा पंप वरच होता. नाताळच्या आदल्या दिवशी, अंतराळवीर दुसऱ्यांदा बाहेर पडले तेव्हा, काम उरकले.

याच्या उलट उदाहरणही त्याच स्थानकावर घडले आहे, आणि ते पहिल्यापेक्षा अधिक शिकवणारे आहे. स्थानकाची दिशा स्थिर राखण्यासाठी चार मोठे जायरोस्कोप आहेत. प्रत्येकात जवळजवळ शंभर किलोचे पोलादी चाक मिनिटाला ६६०० फेऱ्यांनी फिरत असते आणि सगळा संच पावणेतीनशे किलोच्या घरात जातो. त्यांतला एक जून २००२ मध्ये निकामी झाला. तो वाहून नेऊ शकणारे वाहन एकच, अमेरिकेची स्पेस शटल. आणि १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबियाचा अपघात होऊन शटलची उड्डाणेच थांबली. नवा जायरोस्कोप बसला तो ऑगस्ट २००५ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. मधल्या काळात, एप्रिल २००४ मध्ये, आणखी एकाचा वीजपुरवठा एका छोट्या ब्रेकर-पेटीच्या बिघाडाने तुटला आणि स्थानक दोन जायरोस्कोपांवर, म्हणजे अगदी किमान संख्येवर आले. ती छोटी पेटी बदलण्याचा पहिला प्रयत्न काही मिनिटांतच सोडून द्यावा लागला, कारण एका अंतराळवीराच्या प्राणवायूच्या टाकीचा दाब भराभर उतरू लागला होता. पण जूनअखेर दुसऱ्या प्रयत्नात ती बदलली गेली. हातात मावणारा भाग काही आठवड्यांत बदलला गेला आणि हातात न मावणारा तीन वर्षे खोळंबला. दोन्ही बिघाड एकाच यंत्रणेतले, माणसे तितकीच कुशल; फरक होता तो वाहनाचा.

अमेरिकेने यातून धडा घेतला आणि तो महागडा होता. शटल निवृत्त करायचे ठरल्यावर तिच्या अखेरच्या काही फेऱ्यांचा बराचसा उपयोग कोठार भरण्यासाठी झाला. नोव्हेंबर २००९ मध्ये अटलांटिस या शटलने सुट्या भागांनी भरलेल्या दोन मोठ्या फळ्या नेल्या. फळ्यांसकट हा माल बारा टनांहून अधिक होता आणि त्यात पंप, जायरोस्कोप, नायट्रोजन व अमोनियाच्या टाक्या, यांत्रिक बाहूचा पंजा असे सगळे होते. २०११ मध्ये डिस्कव्हरी आणि एन्डेव्हर यांनी आणखी एकेक फळी नेली. लग्नघरातून निघताना सासुरवाशिणीला आई बरणी-बरणी भरून देते, तसा हा प्रकार होता: पुन्हा कधी येणे होईल सांगता येत नाही, तेव्हा आत्ताच घेऊन जा. हे शक्य झाले ते शटलचा मालकक्ष अठरा मीटर लांब आणि साडेचार मीटरहून रुंद होता म्हणून. जुलै २०११ मध्ये शेवटची शटल परतताना २०१० साली बिघडलेला तो पंपही खाली घेऊन आली, आणि तो का बिघडला हे उघडून पाहता आले. तेवढा मोठा निकामी भाग खाली आणण्याची सोय त्यानंतर राहिली नाही.

शटलनंतरची व्यवस्था पाहिली की दारांचा प्रश्न समोर येतो. स्थानकाला यान जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत यान स्वतःच येऊन चिकटते; त्या जोडणीतली वाट गोल आणि साधारण ८० सेंटिमीटर व्यासाची असते. दुसरीत यांत्रिक बाहू यानाला पकडून रुंद तोंडाला लावतो. तिथले चौकोनी दार सव्वा मीटरहून थोडे अधिक रुंद आहे. स्थानकाच्या आतली बहुतेक यंत्रणा, म्हणजे पाणी शुद्ध करणारी, प्राणवायू तयार करणारी, प्रयोगांची, ज्या कपाटांमध्ये बसवलेली आहे, ती कपाटे दोन मीटर उंच, मीटरभर रुंद आणि मीटरहून जरा कमी खोल आहेत. ती रुंद दारातून जातात. गोल वाटेतून जात नाहीत. शटल स्वतः अरुंद वाटेने जोडली जात असे, म्हणून ही कपाटे न्यायला इटलीत बांधलेले वेगळे मालकक्ष पोटात घालून न्यावे लागत आणि बाहूने उचलून रुंद तोंडाला लावावे लागत. दाराच्या मापासाठी एवढा खटाटोप.

जे भाग आत न्यायचेच नसतात, त्यांच्यासाठी यानाला उघडा, हवारहित मालकक्ष लागतो. जपानच्या एचटीव्ही यानाने २०१६ ते २०२० या काळात चार फेऱ्यांत स्थानकाच्या २४ नव्या लिथियम-आयन बॅटऱ्या उघड्या फळीवर ठेवून नेल्या; त्यांनी ४८ जुन्या बॅटऱ्यांची जागा घेतली. ड्रॅगन यानाच्या मागच्या उघड्या पिंपातून २०२१ पासून सौरपत्रे गेली. उलगडल्यावर सुमारे अठरा मीटर लांब होणारी ही पत्रे सतरंजीसारखी गुंडाळून पाठवलेली होती. सिग्नस यानात असा उघडा कक्ष नाही, रशियाच्या प्रोग्रेसचा मुख्य माल आतून आणि अरुंद दारानेच जातो. याचा अर्थ, मालवाहू याने चार असली तरी मोठा बाहेरचा भाग नेऊ शकणारी मोजकीच, आणि वेळेला त्यांतले एखादेच उपलब्ध.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: मग भागच लहान करा, ८० सेंटिमीटरच्या वाटेतून जातील असे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात निम्मे सत्य आहे आणि आपले स्थानक लहान असल्यामुळे आपले काही भाग आपोआप लहान होतीलही. विद्युत पेट्या, पंखे, गाळण्या, संगणक या मापात सहज बसतात. पण फिरते चाक लहान केले की त्याची दिशा रोखून धरण्याची ताकद कमी होते. उष्णता टाकणारे पत्रे लहान केले की ते पुरत नाहीत. एका मोठ्या पंपाऐवजी चार छोटे लावले की चौपट जोडण्या येतात, आणि प्रत्येक जोडणी ही गळतीची नवी जागा असते. लहान करण्यालाही मर्यादा आहे आणि ती मर्यादा कुठे आहे हे ठरवणे, म्हणजेच ‘आमचा सर्वांत मोठा बदलता येणारा भाग एवढ्या मापाचा असेल’ असा आकडा लिहून ठेवणे, हेच तर मी मागतो आहे. तो आकडा एकदा लिहिला गेला की दार, बाहू, फळी आणि यान ही चारही त्याच्यापुढे मापून घेता येतात. तो नसेल तर प्रत्येक गट आपापल्या सोयीने माप धरतो आणि फोरमन शेवटी टेप घेऊन उभा राहतो.

दुसरा आक्षेप असा येतो की पुढे सगळे तिथेच छापता येईल. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर त्रिमितीय छपाईने एक पाना तयार झाला, हे खरे. प्लास्टिकचा पाना आणि अमोनियाचा दाब सोसणारा पंप यांच्यातले अंतर मात्र ज्याने अंबडच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये साधा शाफ्ट मायक्रॉनात बसवताना पाहिला आहे, त्याला सांगावे लागत नाही.

तिसरा मार्ग, परदेशी यान भाड्याने घेण्याचा, मी नाकारत नाही; गरजेला तो असावा. फक्त त्याच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या आठ महिन्यांत आंतरराष्ट्रीय स्थानकाकडे निघालेली तीन वेगवेगळ्या बनावटीची मालवाहू याने नष्ट झाली. योगायोगाने तिन्हींची तारीख २८ होती, पण ते सोडा. त्यांतल्या शेवटच्या यानाबरोबर नव्या जोडणीसाठीचे एक मोठे कडे गेले, आणि त्याच्या बदली तयार केलेले कडे वर पोचायला जुलै २०१९ उजाडले. ज्यांच्याकडे एकाहून अधिक याने होती त्यांची ही स्थिती.

आपली स्थिती अशी आहे: इस्रोचा एलव्हीएम-३ हा प्रक्षेपक पृथ्वीजवळच्या कक्षेत सुमारे आठ टन नेतो आणि त्याचे नाक पाच मीटर रुंदीचे आहे. सप्टेंबर २०२४ मध्येच मंजूर झालेले पुढच्या पिढीचे प्रक्षेपक यान तीस टनांपर्यंत नेईल, असे उद्दिष्ट आहे. म्हणजे उचलण्याची ताकद आहे किंवा येऊ घातली आहे. पण प्रक्षेपक हा ट्रेलर झाला. माल बांधून नेणारे, स्थानकाजवळ जाऊन थांबणारे आणि बाहूच्या हाती फळी देणारे मालवाहू यान ही वेगळी वस्तू आहे. गगनयानाच्या सेवाकक्षाचा अनुभव तिला उपयोगी पडेल. डिसेंबर २०२४ मध्ये स्पेडेक्सच्याच प्रक्षेपकाबरोबर गेलेल्या फलाटावर इस्रोने चालू शकणाऱ्या यांत्रिक बाहूचे प्रात्यक्षिक करून दाखवले, ही तर मला जोडणीइतकीच मोलाची गोष्ट वाटते, जरी वर्तमानपत्रांनी तिला दोन ओळींपलीकडे जागा दिली नाही. या धाग्यांचे कापड विणायला पैसा लागेल आणि तो खोल्यांच्या खर्चात लपवू नये. पाचवी खोली दोन वर्षे उशिरा गेली तरी चालेल. उघड्या मालकक्षाचे यान दुसऱ्या खोलीच्या आधी उडाले पाहिजे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

पैशाचा मुद्दा निघालाच आहे, तर स्टोअरवाल्याच्या अनुभवातली एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात काही भाग ‘इन्शुरन्स स्पेअर’ म्हणून ठेवलेले असतात. ते वर्षानुवर्षे हलत नाहीत, ग्रीस लावून, ताडपत्रीत गुंडाळून कोपऱ्यात पडून असतात, आणि दर मार्चला ऑडिटर येऊन त्यांच्यापुढे ‘नॉन-मूव्हिंग’ असा शेरा मारतो. मग कोणीतरी नवा साहेब ते भंगारात काढतो, आणि पुढच्या पावसाळ्यात नेमका तोच भाग लागतो. अंतराळ स्थानकाचे सुटे भागही असेच असणार. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या बाहेर टांगलेल्या भागांतले काही कधीच वापरले जाणार नाहीत, कारण २०३० नंतर ते स्थानक खाली उतरवायचे ठरले आहे. तो अपव्यय आहे का? संसदेत आणि लेखापरीक्षणात असा प्रश्न विचारला जाणारच. म्हणून न वापरलेल्या भागाला मान्यता देणारे स्वतंत्र लेखाशीर्ष आधीच हवे. नाही तर पहिल्याच कपातीत सुटे भाग जातील, कारण त्यांचे उद्घाटन करता येत नाही. सिंहस्थाच्या तयारीत शहरात जागोजागी जे फलक लागले आहेत, त्यांवर बांधकामाचा आकडा ठळक असतो; पाच वर्षांनंतरच्या दुरुस्तीचा आकडा मी तरी अजून पाहिलेला नाही.

सुटा भाग मागाहून मागवू, ही समजूतही मोडायला हवी. मूळ भाग बनतो तेव्हाच, त्याच जिगवर, त्याच कारागिरांकडून, त्याच धातूच्या लॉटमधून जादाचे दोन करून घेणे स्वस्त पडते. दहा वर्षांनी तो पुरवठादार दुसऱ्या धंद्यात गेलेला असतो, ड्रॉइंगवरची सही करणारा निवृत्त झालेला असतो आणि जिग भंगारात. ओझरच्या एचएएलमध्ये सुखोई-३० विमाने बनलीही आणि त्यांची मोठी दुरुस्तीही तिथेच होते. विमान बनवणे आणि ते तीस वर्षे उडते ठेवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. सातपूर, अंबड, सिन्नरच्या ज्या कारखान्यांना अवकाश कार्यक्रमात काम हवे आहे, त्यांनी खोल्यांच्या सांगाड्यापेक्षा या कामाकडे पाहावे: फळ्या, पकडी, कुलपे, जोडण्या, जड हातमोज्यांनीही सुटतील असे नटबोल्ट. दिखाऊ नाही, पण दीर्घकाळ चालणारे काम आहे.

एक अडचण मात्र मोठे यान बांधूनही सुटत नाही: जुन्या भागाचे करायचे काय. २०१८ मध्ये अंतराळवीरांना नेणाऱ्या एका सोयुझ यानाचे उड्डाण फसल्याने बॅटऱ्या बदलण्याचे वेळापत्रक कोलमडले, जुन्या बॅटऱ्यांची एक फळी मागे राहिली आणि तिला न्यायला नंतर जपानी यानच उरले नाही. मार्च २०२१ मध्ये जवळजवळ पावणेतीन टनांची ती फळी बाहूने तशीच अवकाशात सोडून दिली. ती जळून जाईल अशी अपेक्षा होती. ८ मार्च २०२४ रोजी तिचा सातशे ग्रॅमचा एक तुकडा फ्लोरिडातल्या एका घराचे छत फोडून आत आला. जे यान नवे भाग नेईल, त्यानेच जुने घेऊन ठरवलेल्या समुद्रात पडावे, ही अट मूळ कंत्राटातच असली पाहिजे. छत कोणाचे फुटेल हे आधी सांगता येत नाही.

लहान गोष्टींनाही हे लागू आहे, हे जून २०२४ मध्ये दिसले. स्थानकावरचा मूत्रशुद्धीकरणाचा पंप बिघडला आणि निघण्याच्या तयारीत असलेल्या स्टारलायनर यानात सुमारे सत्तर किलोचा नवा पंप घालायचे ठरले. जागा कमी पडली, तेव्हा बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स यांच्या कपड्यांच्या दोन बॅगा खाली उतरवल्या गेल्या. आठवड्याभराच्या म्हणून ठरलेल्या त्या मुक्कामाचे पुढे नऊ महिने झाले, पण पंप महत्त्वाचा होता आणि निर्णय बरोबरच होता. सत्तर किलोसाठी दोन बॅगा उतरवता येतात. साडेतीनशे किलोसाठी उतरवायला काही उरत नाही.

पहिल्या भागाचे आराखडे पक्के होण्याचा हा काळ आहे. आपल्या खासदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, येत्या अधिवेशनात एक लेखी प्रश्न विचारावा: स्थानकाच्या पहिल्या भागाला गोल वाटेखेरीज रुंद दार ठेवले आहे का, असल्यास त्याची मोकळी रुंदी किती, आणि बाहेर सुटे भाग टांगण्यासाठी किती जागा राखली आहे? उत्तर सेंटिमीटरमध्ये यावे.